कॉर्नरची खूण

रविवारी सकाळी आठला कामावर गेलेला शौनक साडेनऊला परत आला, तेव्हाच जयमालाबाईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. आजारी म्हणावं तर पोरगं सरळ चालत होतं. सुट्टी म्हणावी तर कतारात आठवडाच रविवारी सुरू होतो. आल्या आल्या त्यानं बूटही काढले नाहीत. तसाच गॅलरीत गेला, कढीपत्त्याच्या कुंडीजवळ उभा राहिला, खाली बघितलं, हातातल्या फोनकडं बघितलं, परत खाली बघितलं.

“काय रं? काय हरवलं?” जयमालाबाईंनी सोफ्यावरनंच हाक टाकली. त्या लसूण सोलत होत्या.

“आज्जी,” तो आत येऊन म्हणाला, “मंगळवारी तू गॅलरीतून व्हिडिओ काढलास?”

“काढला की. दादाला पाठवायला. का, चांगला आला न्हाई?”

शौनक खाली बसला. बुटांसकट, आईच्या महागाच्या गालिच्यावर.

शौनक त्यांचा एकुलता नातू. वय चोवीस, नोकरी अल मरसा नावाच्या फुटबॉल क्लबात. खेळायला नव्हे, खेळणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला. समोरचा संघ कॉर्नर कसा मारतो, कोण कुठनं पळत येतो, हे दिवसभर पडद्यावर बघायचं आणि आपल्या कोचला सांगायचं. याला पगार मिळतो हे कळल्यावर जयमालाबाई आठवडाभर हसत होत्या. कोल्हापुरात आख्खी पेठ हे काम फुकट करती, आणि वर भांडती, असं त्यांचं म्हणणं.

आणि अल वक्रातल्या या घराच्या सहाव्या मजल्याखाली, रस्त्यापलीकडं, हिरव्या कापडाच्या कुंपणाआड जे मैदान होतं, ते अल नौरसचं. अल मरसाचा हाडवैरी. घर आधीचं, मैदान नंतरचं. देवव्रतनं, म्हणजे जयमालाबाईंच्या लेकानं, इथं बिऱ्हाड केलं तेव्हा खाली नुसती वाळू होती. देवव्रत तेलाच्या कामावर महिन्यातले पंधरा दिवस समुद्रात असायचा, आत्ताही होता. नोकरी लागली तेव्हा शौनकनं स्वतःहून साहेबाला सांगितलं होतं, माझ्या घरातनं त्यांचं मैदान दिसतं. तसं कागदावर लिहून सही केली होती. तेव्हापासून चार वाजता खाली शिट्टी वाजली आणि तो घरात असला, तर गॅलरीकडं पाठ करून बसायचा. इतका सरळ माणूस आमच्या घरात आला कुठनं, असं जयमालाबाई म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता गप्प व्हायच्या.

गॅलरीत बसायच्या त्या. कारण मिरच्या. सांडगी मिरची उन्हात टाकली की राखण लागते. कोल्हापुरात कावळे, इथं साळुंक्या. चोर बदलला, काठी तीच. फेब्रुवारीच्या मऊ उन्हात खुर्ची टाकून, मांडीवर काठी घेऊन त्या बसत, आणि कुंपणाच्या कापडावरनं सगळं मैदान वाढलेल्या ताटासारखं समोर दिसे.

आठ महिन्यांपूर्वी कोल्हापुरात त्यांचा थोरला भाऊ सदानंद न्हाणीत घसरून पडला आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळला. एके काळचा पिंपळकट्टा तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर हाफ. ज्याच्या अंगावर जायच्या आधी फॉरवर्ड देवाचं नाव घ्यायचे, तो आता भिंतीकडं तोंड करून पडायचा. बहिणीनं फोन केला तर ‘हां’ आणि ‘हूं’. एकदा असाच व्हिडिओ कॉल चालू असताना जयमालाबाईंनी, काय मनात आलं कुणास ठाऊक, फोन मैदानाकडं फिरवला.

पलीकडनं आवाज आला, “थांब थांब, हलवू नको. तो तीन नंबरचा बघ की! बॅक असून कुठं सुटलाय पुढं! त्याला कोण सांगतंय का न्हाई?”

चार महिन्यांतलं दादाचं ते पहिलं सबंध वाक्य. मग नेमच झाला. इथं चार म्हणजे तिथं साडेसहा. दादा पाठीला तीन उशा लावून तयार असायचा. बोलायचा, शिव्या द्यायचा, भूक लागली म्हणायचा. गेल्या मंगळवारी खाली कॉर्नरचा सराव चालला होता आणि दादा म्हणाला, “चित्र अडकतंय गं. काढून पाठव.” तिसरी शिकलेल्या बाईनं तांबडं बटण दाबून सहा मिनिटांचा व्हिडिओ काढला, पाठवला, आणि रात्री सुनेपुढं मिरवूनही घेतलं. दादाच्या नातवानं, सागरनं, तो तालमीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवरनं तो कुठल्या कुठं गेला.

शुक्रवारी सामना झाला. अल नौरसला नऊ कॉर्नर मिळाले, आणि नऊच्या नऊ वेळा चेंडू येईल तिथं अल मरसाचा माणूस आधीच उभा. अल मरसा एक-शून्य जिंकला. त्या दिवशी शौनक घरी येऊन लहान पोरासारखा नाचला होता. ते नऊ कॉर्नर म्हणजे त्याची तीन आठवड्यांची मेहनत. टीव्हीवर दाखवलेले, सगळ्या जगानं बघितलेले जुने सामने पुन्हा पुन्हा बघून त्यानं ते जुळवलं होतं.

शनिवारी गॅलरीतला व्हिडिओ अल नौरसच्या कुणाच्या तरी फोनवर पोचला. कोपऱ्यात कठडा दिसत होता, कढीपत्ता दिसत होता. त्यांनी मजले मोजले, आणि सहाव्या मजल्यावर कोण राहतं ते विचारलं.

“दे थिंक मी शूट केलं,” शौनक गालिच्याकडं बघत म्हणाला. “नऊ कॉर्नर, सगळे त्यामुळेच अडवले म्हणतात. उद्या लीगची हिअरिंग आहे. बॅन केलं तर जॉब गेला, व्हिसा गेला. आणि परत कुठलाच क्लब मला घेणार नाही, आज्जी. चीट म्हणतील.”

“चोर?” जयमालाबाईंनी लसणाची पाकळी खाली टाकली. “मी काय त्यांच्या कुंपणावरनं उडी मारलो व्हय? माझ्या गॅलरीत मी बसलो होतो. उघड्यावर खेळायचं आन् बघितलं म्हणून रडायचं! एवढी लाज हाय तर छप्पर घाला म्हणावं.”

त्या अशाच बोलायच्या, ‘मी बसलो, मी गेलो’. कोल्हापूरची बाई. पुण्याची सून नीता पहिली दोन वर्षं हसली, मग तिनं नाद सोडला.

“सांगून टाक त्यांना,” त्या म्हणाल्या. “आज्जीनं काढला म्हणावं.”

“नाही सांगणार.”

“का?”

“इथे न विचारता कुणाचं शूटिंग करणं गुन्हा आहे. पोलीस केस होते. तुला परत पाठवतील, किंवा त्याआधी...” त्यानं पुढचं गिळलं. “तुझं नाव मी घेणार नाही.”

“मग त्यांनी विचारलं तर काय सांगशील?”

“काही नाही. गप्प बसेन.”

तो उठला, बूट तसेच, आणि खोलीत जाऊन दार लावलं. जयमालाबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. गप्प बसणारा माणूस त्यांनी आधी एकदा बघितला होता.

त्र्याहत्तर सालचा मार्च. जयमाला अठराची. घर पिंपळकट्ट्याच्या हद्दीत, पण अगदी कडेला. मागच्या गच्चीखाली मोकळं रान होतं ते बुरूज तालमीचं. कोल्हापुरात माणसाला आधी तालीम विचारतात, मग आडनाव. या दोन तालमींची भिंत एक आणि बोलणं बंद. बुरूजवाल्याच्या गिरणीत पिंपळकट्ट्याचं दळण जात नसे, मग ज्वारीत किडे पडले तरी चालतील. शाहू स्टेडियमवर सामना असला की मधे पोलिसांची रांग उभी करावी लागे, आणि हरलेल्या पेठेत त्या दिवशी चूल पेटत नाही असं म्हणत. ते खरंही असायचं. बायकांनाच जेवण जात नसे.

गच्चीवर मिरच्या, राखणीला जयमाला, खाली बुरूजचा सराव. त्यांचे कॉर्नर डावा विंग मारायचा. उंच, सावळा, केसांना तेल चोपडलेला. मारायच्या आधी तो काहीतरी करायचा. कधी डावा मोजा वर ओढायचा. कधी मनगटानं कपाळ पुसायचा. कधी चेंडू ठेवून, उचलून, परत ठेवायचा. चार दिवसांत जयमालाला कळलं: मोजा म्हणजे चेंडू जवळच्या खांबाला, कपाळ म्हणजे लांबच्या, आणि दोनदा ठेवला म्हणजे आखूड, पायाशी. पाचव्या दिवशी जेवताना तिनं दादाला सांगितलं. दादानं ताटातला हात थांबवला, तिच्याकडं बघितलं, आणि म्हणाला, “परत सांग.”

अंतिम सामन्यात बुरूजला सहा कॉर्नर मिळाले, सहाही वेळा दादाचं डोकं आधी. पिंपळकट्ट्यानं ढाल आणली. गल्ली गुलालानं लाल झाली, आईनं दारात दादावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि जयमाला माडीच्या खिडकीत उभी राहून मनात म्हणाली, ही ढाल माझी.

आठ दिवसांनी बातमी आली. बुरूजच्या वस्तादानं डाव्या विंगला तालमीतनं काढलं. त्या खुणा फक्त तिघांना ठाऊक होत्या, आणि उरलेले दोघे वस्तादाचे सख्खे पुतणे. खूण विकली म्हणून सगळ्यांसमोर त्याचा शर्ट उतरवून घेतला. तो एक अक्षर बोलला नाही. उघड्या अंगानं घरी चालत गेला आणि परत कधी बूट बांधले नाहीत.

त्याचं नाव श्रीपती. दोन वर्षांनी त्याच्याच घरनं जयमालाला मागणी आली. पेठेनं तोंडात बोटं घातली. जयमालाला वाटलं, आपल्या तालमीवरचा सूड घ्यायला मागतोय. पण बेचाळीस वर्षं संसार झाला आणि सूड काही आला नाही. साखर कारखान्यात नोकरी केली, सायकलला दूध अडकवून आणलं, बायकोची तिखट जीभ भाकरीबरोबर खाल्ली. स्टेडियमवरनं आरडाओरडा ऐकू आला की फक्त रेडिओचा आवाज वाढवायचा. देवव्रतला त्यानं चेंडूला पाय लावू दिला नाही. सांगून टाकावं म्हणून जयमालाबाईंनी किती वेळा तोंड उघडलं असेल, हिशेब नाही. पण सांगायचं म्हणजे ‘माझं चुकलं’ म्हणायचं, आणि त्यांची जीभ बाकी सगळीकडं वळायची, तेवढ्या शब्दांपाशी मात्र लाकूड व्हायची. आठ वर्षांपूर्वी श्रीपती गेला. सांगायला माणूसच उरला नाही, आणि त्या लेकाकडं कतारला आल्या.

त्या रविवारी चारला दादाचा फोन आला. जयमालाबाई गॅलरीत गेल्या नाहीत, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“दादा, तुझ्या त्या सागरला सांग, हात मोडून गळ्यात बांधीन,” असं सुरू करून त्यांनी सगळं सांगितलं.

“पोरगं काय म्हणतंय?”

“काय म्हणणार? माझं नाव घेत न्हाई. गप्प बसणार म्हणतंय.”

“आज्ज्यावर गेलंय,” दादा म्हणाला.

“म्हंजे?”

दादानं उशी सारखी केली. उगीचच. “श्रीपतीला ठावं होतं, जयू.”

“काय ठावं होतं?”

“तू गच्चीवर असायचीस ते. तुला तो दिसत होता, तर त्याला तू दिसत न्हवतीस व्हय? साखरपुड्याला मला बाजूला घेऊन म्हणाला, वस्तादानं विचारलं तवा मला कळलं होतं कोण ते. पण पोरीचं नाव भर तालमीत घेतलं असतं तर पेठेनं तिला जगू दिलं नसतं. तिला कधी कळू देऊ नका म्हणाला. शपथ घातली.”

“मग आज कशाला मोडलास शपथ?”

“आता तो न्हाई. आन् मी किती दिवस हाय?”

जयमालाबाईंनी फोन ठेवला. पहिल्यांदा आला तो राग. बेचाळीस वर्षं त्या समजत होत्या, आपण झाकून ठेवलंय. आणि झाकत होता तो. मनातल्या मनात त्यांनी श्रीपतीला दोन शिव्या हासडल्या. तिसरी काही देता आली नाही. नीता शाळेतनं शिकवून परत आली तेव्हा सासूबाई ओट्याशीच उभ्या होत्या आणि गॅसवरची आमटी आटून करपली होती.

“आई, काय झालं?”

“गाडीची दुसरी किल्ली कुठं असती?” जयमालाबाईंनी विचारलं.

सोमवारी सकाळी शौनक पार्किंगमध्ये उतरला तर गाडीत पुढच्या सीटवर आज्जी. इरकली लुगडं, कानात कुड्या, मांडीवर पर्स, पट्टा लावलेला. सुनेनं किल्ली दिली होती, डोळे पुसले होते, आणि ‘आई, मी काही बघितलं नाही हं’ म्हणून शाळेला निघून गेली होती.

“आज्जी, उतर.”

“न्हाई.”

“इट्स नॉट अ जोक. दे कॅन अरेस्ट यू.”

“करू देत. जेवायला तरी घालतील न्हवं? तुझ्या आईच्या ओट्सपेक्षा बरं असंल.”

“आज्जी, प्लीज. मी सांभाळतो. मी यंग आहे, दुसरं काहीतरी करेन. तुझं नाव यात नको.”

“तेच,” जयमालाबाई समोरच्या काचेकडं बघत म्हणाल्या. “तेच ऐकायचं न्हाई मला आता. साडेनवाची वेळ हाय तुझी. यल्ला, चालव.”

शौनकनं गाडी काढली ती दोहातल्या वेस्ट बेला, लीगच्या ऑफिसाखालीच थांबवली.

बाविसाव्या मजल्यावरची ती खोली सगळी काचेची होती. बसायला गेलं तर पायाखाली काही आहे की नाही असं वाटावं अशी. लांब टेबलाच्या मधे, निवाडा द्यायला बसलेले, पांढऱ्या पायघोळ थोबमधले एक वयस्क कतारी गृहस्थ. त्यांच्या डाव्या हाताला अल नौरसचा गोरा मॅनेजर, गळ्यात टाय, चेहरा आंबट. उजवीकडं लीगच्या ऑफिसातली सुमैया, काळा अबाया घातलेली, मूळची हैदराबादची, पुढ्यात लॅपटॉप. शौनकचे साहेब आफताब अलीकडच्या बाजूला. दारातच सुमैया पुढं आली.

“अम्मा, आपको तो बुलाया नहीं है.”

“बुलाया नहीं, म्हणून तो आया मैं,” जयमालाबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

आफताबसाहेबांनी शौनकच्या तीन आठवड्यांच्या नोंदी सगळ्यांपुढं ठेवल्या. नोंदींना कुणी खोटं म्हणत नव्हतं. अडलं होतं एकाच ठिकाणी: व्हिडिओ तुझ्या घरातला, मग काढला कुणी? आणि तिथं शौनक मान खाली घालून बसला होता. गोरा मॅनेजर प्रत्येक वेळी खांदे उडवायचा. गप्प आहे, म्हणजे चोर आहे.

जयमालाबाईंनी पर्समधनं फोन काढून टेबलावर ठेवला. “व्हिडिओ मैं निकाला. मेरे भाई के वास्ते.”

सुमैयानं इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर हसला आणि काहीतरी म्हणाला. सुमैयाला ते सांगायची लाज वाटली. “अम्मा, ये बोल रहे हैं, पोता दादी को सिखा के लाया है.”

“सिखा के?” जयमालाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो टायची गाठ चाचपायला लागला. “मेरेको मास्तर नहीं सिखा सके, ये क्या सिखाएगा? देखो, फोन देखो.”

सुमैयानं फोन हातात घेतला. चार महिने, रोज चार वाजता, एकच नंबर. नंबरापुढं एका म्हाताऱ्याचा फोटो, उशांना टेकलेला. तो व्हिडिओ पाठवलेला एकाच ठिकाणी, त्याच म्हाताऱ्याला. खाली म्हाताऱ्याचा आवाजी निरोप होता. सुमैयानं तो लावला. काचेच्या खोलीत सदानंदाचा आवाज घुमला: “झकास! सात नंबरचा कॉर्नरला उभा बघ कसा, आपल्या श्रीपतीवानी!”

“ये श्रीपती कौन?” सुमैयानं विचारलं.

शौनकनं मान वर केली. आजोबांचं नाव या खोलीत कुठनं आलं, ते त्याला कळेना.

जयमालाबाईंनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला, पण प्यायल्या नाहीत. मग मोडक्यातोडक्या हिंदीत, जिथं हिंदी संपली तिथं मराठीत, त्यांनी सांगायला सुरुवात केली. गच्ची सांगितली, मिरच्या सांगितल्या. मोजा, कपाळ, दोनदा ठेवलेला चेंडू. दादाला सांगितलं तेही सांगितलं. “उसका शर्ट उतारा सबके सामने. उसको मालूम था मैं किया. बोला नहीं. मेरा नाम खराब होगा म्हणून. फिर मेरे साथ शादी किया, तो भी नहीं बोला. मैं भी नहीं बोला. वो मर गया.” त्यांनी शौनककडं बोट केलं, त्याच्याकडं न बघता. “ये उसका नातू है. ये भी वैसाच गप्प बैठा है. मेरे वास्ते. ये चोर नहीं है साहेब. इस घर में चोर एकच है, दोनों बार.”

सुमैयानं ते इंग्रजीत आणि अरबीत सांगितलं. मॅनेजरनं या वेळी खांदे उडवले नाहीत.

मग जयमालाबाई उभ्या राहिल्या. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. मॅनेजरकडं तोंड करून म्हणाल्या, मराठीतच, कारण हे त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत येणारच नव्हतं, “माझं चुकलं.”

सुमैयानं त्याचं भाषांतर केलं की नाही, त्यांना ऐकू आलं नाही.

वयस्क गृहस्थ बराच वेळ अरबीत सुमैयाशी बोलले. मग आफताबसाहेबांशी, मग मॅनेजरशी. शेवटी त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “खलास.” म्हणजे विषय संपला. पुढचं सुमैयानं समजावून सांगितलं. व्हिडिओ इथंच सगळ्यांसमोर पुसायचा. आज्जींनी माफीच्या कागदावर सही करायची. परत मैदानाकडं फोन वळला तर मात्र प्रकरण पोलिसांकडं जाईल. शौनकवरचा चोरीचा ठपका काढला. पण घरातलं कळल्यावर त्यानं त्याच दिवशी क्लबला सांगायला हवं होतं, म्हणून त्याला लेखी ताकीद. कामावर बुधवारपासून.

सहीला वेळ लागला. जयमालाबाईंनी पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर कोरलं: जयमाला श्रीपती इंगवले. ‘श्रीपती’तला ‘श्री’ पहिल्यांदा नीट आला नाही. तो खोडून त्यांनी परत काढला. कुणी घाई केली नाही.

मंगळवारी खाली माणसं शिड्या लावून कुंपणाचं कापड आणखी उंच करत होती. चारला शिट्टी वाजली, आणि लगेच दादाचा फोन.

“फिरव की गं मैदानाकडं.”

“बंद. आता न्हाई दाखवायचं. सही करून दिलोय.”

“लांबनं तरी?”

“लांबनं न्हाई आन् जवळनं न्हाई.”

दादा ‘हां’ म्हणाला. नुसतं ‘हां’. मग त्याचा चेहरा हळूहळू भिंतीकडं वळायला लागला, आणि फोनवर फक्त त्याचा कान आणि पांढरे केस उरले. जयमालाबाईंनी फोन उगीच जरा खाली, जरा वर धरून बघितला.

शौनक सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं उठून आज्जीच्या हातातनं फोन घेतला.

“मामाआजोबा, मी शौनक. एक विचारू? आजोबा...” तो शब्द शोधत होता. “आजोबा खेळायचे कसे? आय मीन, कुणी मला कधी सांगितलंच नाही.”

कान हलला. केस हलले. दादाचा चेहरा परत फोनमधे आला.

“श्रीपती? अरं, काय सांगू तुला! वैऱ्याच्या तालमीचा, पण खोटं बोलायचं न्हाई मी. बहात्तर साली आम्हाला घातलेला त्याचा तो गोल! पाऊस होऊन गेलेला, मैदानात चिखल. आमच्या दोघांना गुंगारा देऊन आत आला, मी आडवा पडलो, माझ्या अंगावरनं चेंडू काढला आन् डाव्या पायानं असा ठेवला कोपऱ्यात...”

“उजव्या,” जयमालाबाई म्हणाल्या.

“आँ?”

“डावा पाय चिखलात घसरला त्याचा. उजव्यानं मारला.”

“तुला काय ठावं? तू कधी आलतीस स्टेडियमवर? बाबांनी पोरींना सोडलंच न्हाई कधी!”

“आलो होतो. मैत्रिणीसंगं, तोंडाला पदर गुंडाळून.”

“कुठं बसलातासा? मला तर आपल्या बाजूला दिसला न्हाईसा.”

“आपल्या बाजूला ओळखलं असतं की सगळ्यांनी. बुरूजवाल्यांत बसलो होतो.”

कोल्हापुरात दादा तीन उशांवरनं उठून बसायला बघत होता. मागनं सागरचा ‘आजोबा, पडशीला’ असा आवाज आला. “बुरूजवाल्यांत? आमच्या घरची पोर? मी तिकडं चिखलात पडलोय, पेठेची अब्रू जायला लागलीय, आन् तू त्यांच्यात बसून टाळ्या वाजवालतीस?”

शौनक हसत होता, फोन हलत होता.

“टाळ्या न्हाई वाजवल्या,” जयमालाबाई म्हणाल्या. “हात पदरात होते.”